एक कोट, तीन राज्यं

मित्रांनो, मी ओव्हरकोट आहे. जुना आहे, लोकरीचा आहे, घालणाऱ्याच्या गुडघ्याखाली येतो आणि राहतो हैदराबादेत. हे शेवटचं ऐकून लोक हसतात. हैदराबादेत लोकरीच्या ओव्हरकोटाचं काय काम, असं त्यांना वाटतं. काही काम नाही. पण काही काम नसतानाही या शहरात जन्मभर मानानं राहता येतं, हे मी दाखवून दिलं आहे. आणि तसं राहणारा इथं मी एकटाच नाही.

माझी लोकर कुठल्या मेंढीची, हे मला ठाऊक नाही. मोठ्या लढाईच्या काळात कुठल्याशा कारखान्यात माझ्यासारखे हजारो खाकी कोट एकाच मापानं शिवले गेले. एखाद्या शिपायाच्या अंगावर बसून मी आघाडीवर जायचा होतो. मी गोदामातून बाहेर पडेपर्यंत लढाई संपली. त्यामुळे माझ्या अंगावर पराक्रमाची एकही खूण नाही. एक भोक आहे, ते कसरीनं पाडलेलं आहे.

पुढं लष्कराला नको झालेल्या सामानाचा सुलतान बाजारात हर्राज झाला. हर्राज म्हणजे लिलाव; पण हैदराबादचा मराठी माणूस लिलाव म्हणत नाही. तिथं मला तिघांनी मिळून घेतलं. तिघंही सरकारी नकाशांच्या दफ्तरात ड्राफ्ट्समन. शंकरराव हिंगोलीकडच्या शेतकरी घरातले. शांत, पानात चुना लावायच्या आधीसुद्धा विचार करणारे. हिंमतराव बीदरकडचे, अंगानं मोठे आणि आवाजानं त्याहून मोठे. तिसरा श्रीपती. नांदेडकडच्या एका गावाबाहेरच्या वस्तीतून शिकून वर आलेला. तो कमी बोलायचा, पण बोलला की बाकीचे दोघं गप्प व्हायचे.

या तिघांना कोट का हवा होता? त्यांच्या साहेबांनी एकदा म्हटलं होतं की, तुमच्यापैकी एकाला हिवाळ्यात दिल्लीला पाठवणार. कोणाला, ते म्हटलं नव्हतं. म्हणून तिघांनी मिळून एक कोट घेऊन ठेवला. अखेर दिल्लीला साहेब स्वतःच गेले. मला घालून गेले.

सुरुवातीला एक अडचण आली, तीही सांगून टाकतो. शंकररावांच्या घरी त्यांची एक म्हातारी आत्या असे. श्रीपतीनं घातलेला कोट घरात आला की ती माझ्यावर तांब्यानं पाणी ओतायची. मित्रांनो, लोकरीचा कोट एकदा भिजला की पुढचे कितीतरी दिवस वाळत नाही. त्यातच शंकररावांना पहाटे कामासाठी गावाबाहेर जायचं होतं. ते ओला कोट घालून गेले आणि आठवडाभर शिंकत परत आले. आत्याबाईंनी मग तांब्या उतरंडीवर ठेवून दिला. मी तिघांच्याही गळ्यात पडलो आहे. तिघांच्या मानेच्या घामात मला आजवर काही फरक सापडलेला नाही.

मग एकोणीसशे छप्पन साल उजाडलं. हैदराबाद राज्य मोडून त्याचे तीन वाटे व्हायचे होते. मराठी जिल्हे मुंबईला, कानडी जिल्हे म्हैसूरला, आणि तेलुगू जिल्हे हैदराबाद शहरासकट आंध्रला. ज्या नकाशांवर हे वाटे पडणार होते, ते काढायचं काम याच तिघांकडं आलं. शंकरराव औरंगाबादला जाणार, हिंमतराव बंगळूरला, आणि श्रीपती इथंच राहणार. कारण त्याची बायको कोंडाबाई इथल्या सरकारी दवाखान्यात नोकरीला होती. स्वतःची ताटातूट इतक्या सुबक रेघांनी काढून देणारे नोकर दुसऱ्या कुठल्या सरकारला मिळाले असतील, असं मला वाटत नाही.

सगळ्यांत जास्त जिवावर आलं ते शंकररावांच्या बायकोच्या, विमलाबाईंच्या. त्या आणि कोंडाबाई मलकपेठेत भिंतीला भिंत लावून राहत. लग्न झाल्यापासून त्यांनी हैदराबादच पाहिलं होतं.

"औरंगाबादेत मला कोण ओळखतं?" त्या म्हणत. "तिथं भाजीवाल्याशी भांडायचं तर आधी ओळख काढावी लागंल."

अशा दिवसांत माझा प्रश्न निघाला. तिघांचा कोट आता कोणाकडं राहणार?

"हिंमतराव, कोट तुम्ही न्या. बंगळूर थंड आहे," शंकरराव म्हणाले.

"नक्को नक्को. औरंगाबादेत हिवाळा कसला बोचतो! तुम्हीच न्या."

"श्रीपती, तू ठेव मग."

"मी कशाला ठेवू? तुम्ही परमुलखात चाललात. तुम्हाला लागंल."

हैदराबादच्या हवेत हा एक दोष आहे. दाराशी दोन माणसं आली की 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' करत दोघंही बाहेरच राहतात. इथं तर तिघं होते. आग्रह चढत गेला. तिसऱ्या संध्याकाळी हिंमतराव लाल होऊन ओरडले, "म्हंजे मला एक कोट घ्यायची ऐपत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?" शंकरराव म्हणाले, "तसं तर मग मलाही म्हणता येईल." माणसं घेण्यावरून भांडतात, हे मी हर्राजात पाहिलं होतं. देण्यावरून भांडताना मी यांनाच पाहिलं.

शेवटी हिंमतरावांनीच तोडगा काढला. "कोणीच घेत न्हाई, तर वाटून टाकू. अख्खं राज्य वाटता येतं, कोट वाटता येत न्हाई का? सुलतान बाजारातला दर्जी म्हणतो, तीन जाकिटं निघतील."

माझ्या अंगात, मित्रांनो, अस्तरापर्यंत थंडी भरली. लोकरीला थंडी वाजणं ही सोपी गोष्ट नाही.

आणि पुढं त्यांनी जे केलं, ते नकाशे काढणारी माणसंच करू जाणोत. दर्ज्याच्या खडूवर त्यांचा विश्वास नव्हता. खडू पुसतो, म्हणे. सीमा पुसता कामा नये. म्हणून त्यांनी दफ्तरातली लाल पेन्सिल आणली, जिची रेघ नकाशाच्या कापडावरून धुतली तरी जात नाही. मला टेबलावर पालथा घातला, पट्ट्या लावल्या आणि माझी वाटणी आखायला घेतली. उजव्या खिशावरून बराच वाद झाला. पाठीचा मोठा भाग हिंमतरावांकडं जावा, कारण तिकडं अंग जास्त आहे, असं हिंमतरावांचंच म्हणणं पडलं. त्या गडबडीत कमरेजवळ एक रेघ वाकडी गेली. मला भोवळ आली नाही, एवढंच. कोटाला ती सोय नाही.

आखून झाल्यावर श्रीपती म्हणाला, "कापायच्या आधी याला एकदा खरी थंडी दावू या. बिचाऱ्यानं साहेबाच्या अंगावरची दिल्लीच तेवढी पाहिली."

मग विमलाबाई आतून म्हणाल्या, "आम्हीपण येणार."

गणपती पाण्यात गेल्यावर ही मंडळी नामपल्ली स्टेशनात गाडीत बसली. तीन पुरुष, विमलाबाई, कोंडाबाई आणि मी. हिंमतरावांची बायको बाळंतपणाला माहेरी होती. परत आलो की मला दर्ज्याकडं द्यायचं ठरलं होतं. मरणाची तारीख ठरलेला कोणी इतक्या मजेत सहलीला गेला असेल, असं वाटत नाही. मद्रासपर्यंत मी उशी होतो, मद्रासनंतर चादर. पुढं डोंगराच्या पायथ्याशी आम्ही छोट्या गाडीत बसलो. तिच्या रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी होती आणि इंजिन त्या दातांना धरून धापा टाकत वर चढत होतं.

"हिंमतराव, तुम्ही उतरून चाला बरं," कोंडाबाई म्हणाल्या. "गाडीला झेपंना झालंय."

"कोंडावैनी, तुम्हीच बोलायच्या थांबा. तिला वाफ कमी पडायली."

वर नीलगिरी होती. मित्रांनो, मी किती सांगू! डोंगरावर डोंगर, चहाची झाडं नुकतीच कंगवा फिरवल्यासारखी, आणि ढग माणसांच्या पायांतून मांजरासारखे फिरत होते. उटीला पोचल्यावर गाडीच्या दारातून जी हवा आत आली, तिला मी जन्मल्यापासून ओळखत होतो, फक्त भेट झाली नव्हती. मी ताठ झालो. माझी कॉलर आपोआप उभी राहिली. म्हणजे हिंमतरावांनी ती उभी केली, पण मला तसं वाटलं.

आता कोट एक आणि कुडकुडणारी माणसं पाच. सकाळी शंकरराव, दुपारी श्रीपती, अशा पाळ्या लागल्या. तळ्यावर नावेत बसायचं ठरलं तेव्हा मी विमलाबाईंना मिळालो. नऊवारी लुगड्यावर खाकी ओव्हरकोट घालून त्या नावेत अशा बसल्या की नावाड्यानंही हात जोडले. वल्हं हिंमतरावांनी मागून घेतलं. नाव जागच्या जागी गोल गोल फिरू लागली.

"भावजी, कुठं चाललोय आपण?" विमलाबाईंनी विचारलं.

"म्हैसुराला."

"मला तर मघापासून तेच झाड दिसायलंय."

"तेच म्हैसूर."

पाचही जण इतके हसले की नाव कलली. मी तळ्याचं पाणी बाहीनं चाखलं. थंडगार होतं. नाव काठाला लागल्यावर शंकररावांनी कोटासाठी हात पुढं केला. विमलाबाई म्हणाल्या, "अहो, जरा थांबा की. आताशी ऊब लागली आहे." त्यांनी मला संध्याकाळपर्यंत सोडलं नाही.

तळ्याकाठी एक घोडेवाला भेटला. त्यानं तोंड उघडलं आणि आपल्या सुलतान बाजारासारखी दख्खनी उर्दू ऐकू आली. हिंमतरावांनी त्याला मिठीच मारली. "अरे मियाँ, तुम तो अपनेच निकले!" त्या आनंदात तो दुसऱ्या दिवशी आम्हाला तोडा नावाच्या डोंगरी लोकांच्या वस्तीत घेऊन गेला.

हिरव्यागार उतारावर पाचसहा घरं होती. आडव्या ठेवलेल्या अर्ध्या पिंपासारखी, वेताबांबूनं नीटस बांधलेली. दार एवढं बुटकं की आत जायचं तर रांगत जावं लागे. आजूबाजूला म्हशी चरत होत्या. त्यांची शिंगं बीजेच्या चंद्राएवढी वाकलेली. एक म्हातारी उन्हात बसली होती. पांढऱ्या जाड चादरीत गुंडाळलेली, केसांच्या बटा पीळ देऊन खांद्यावर सोडलेल्या. त्या चादरीच्या काठावर लाल आणि काळ्या लोकरीचं असं भरतकाम होतं की मी, एक साधा सरकारी कोट, लाजून गेलो.

तिनं हातानं खूण केली, आत बघा. श्रीपती सरकन आत गेला आणि बाहेर आला. शंकरराव विचार करून गेले. मग हिंमतराव, मला घालून. निम्मे गेले आणि अडकले.

"पुढं जा!" शंकरराव म्हणाले.

"पुढं जाता येत न्हाई!"

"मागं या मग!"

"मागं तर मुळीच न्हाई!"

"दादा, श्वास सोडा," कोंडाबाई म्हणाल्या. "आन् बोलू नका. बोलताना फुगायलात."

दोघांनी पाय धरून ओढलं. हिंमतराव बाहेर आले, पण माझा खांदा टर्रकन उसवला. म्हातारी हसून हसून आडवी झाली. डोळे पुसून ती उठली, मला हिंमतरावांच्या अंगावरून उतरवलं आणि घोडेवाल्याला काही सांगितलं.

"अम्मा बोलरैं, छोड के जाव," घोडेवाला म्हणाला. "परसों आव. सी के देती बोलरैं."

तशी ती मंडळी मला सोडून कुन्नूर बघायला गेली.

ते दोन दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे. म्हातारीनं मला उतारावर उन्हात पसरलं. एका म्हशीनं हुंगलं आणि मेंढीचा वास ओळखून नाक वर केलं. म्हातारीनं आधी खांदा शिवला. मग मला पालथा केला आणि तिची बोटं थांबली. पाठीवर लाल रेघा होत्या. सरळ, नेमक्या, पट्टीनं आखलेल्या. तिनं शेजारणींना हाका मारल्या. चारपाच जणी जमल्या, रेघांवरून बोटं फिरवू लागल्या, माना हलवू लागल्या. त्यांची भाषा मला येत नव्हती, पण कौतुक कुठल्याही भाषेत कळतं. कोणीतरी मोठ्या हौसेनं भरतकामाचा नमुना आखून ठेवला आहे आणि भरायचा राहून गेला आहे, असंच त्यांना वाटलं. दुसरं काय वाटणार? चांगल्या कोटावर माणूस कापण्यासाठी रेघा आखतो, हे शहाण्या माणसाच्या मनात येत नाही.

म्हातारीनं सुई काढली. लाल लोकर, काळी लोकर. जिथं कात्री चालायची होती, तिथं टाके पडू लागले. एकटी पडलेली रेघ दिसली की तिनं तिच्या शेजारी काळी सोबतीण बसवली. इकडच्या अंगाला तिकडचं अंग धरून ठेवणारे आडवे टाके घातले. मदतीला आणखी दोघी बसल्या. मी हलूसुद्धा नाही. मला कळत होतं की आपला जीव वाचतो आहे, आणि तोही गाणं म्हणत म्हणत.

ठरल्या दिवशी मंडळी आली. कोटावाचून दोन दिवस काढून आल्यामुळे पाचही जण एका घोंगड्यात येत होते. मला बघून घोंगडं खाली पडलं.

म्हातारीनं मला उन्हात धरलं. माझ्या पाठीवर मुंबई, म्हैसूर आणि आंध्र लाल-काळ्या लोकरीनं एकमेकांना घट्ट शिवलेले होते.

"अम्मा पूछरैं," घोडेवाला म्हणाला, "ये नक्शा कौन निकाला? भोत अच्छा हाथ है बोलरैं. कमर के पास एक लकीर टेढी थी, मैं सीधी कर दी बोलरैं."

तिन्ही ड्राफ्ट्समननी खाली बघितलं. कोंडाबाई हळूच म्हणाल्या, "सांगा की आता. कापायसाठी काढलं होतं म्हणून."

हिंमतराव खाली पडलेलं घोंगडं उचलून उगीचच झटकू लागले. शंकरराव विचार करत राहिले. श्रीपती पुढं झाला आणि म्हणाला, "अम्मा को बोलो मियाँ, हम तीनों मिलके निकाले."

म्हातारीनं तिघांच्याही गालांवरून हात फिरवला. मग तिनं मला श्रीपतीच्या अंगावर चढवलं, कारण तो सगळ्यांत जास्त काकडत होता.

उतरताना छोट्या गाडीत पुन्हा तेच सुरू झालं. कात्री तर आता कोणीच लावणार नव्हतं. पण कोट कोणाचा?

"आता तर तुम्हीच न्या, हिंमतराव."

"का म्हणून? पुन्हा सुरू करू नका हां."

"मग श्रीपतीकडं राहू द्या," विमलाबाई म्हणाल्या.

"वैनी, हैदराबादेत कोटाचं काय काम?" हिंमतराव म्हणाले.

"काही नाही. म्हणूनच तिथं ठेवायचा." विमलाबाई खिडकीबाहेर बघत बोलत होत्या. "तुम्ही बंगळूरला नेला, तर तुम्हाला परत यायचं काय कारण? ह्यांनी औरंगाबादला नेला, तर आम्हाला काय कारण? मलकपेठेत राहिला, तर थंडी वाजली की यावं लागंल. मला तरी फार वाजणार आहे थंडी. आताच सांगून ठेवते."

गाडी बराच वेळ बोगद्यात होती. बोगदा संपला तेव्हा हिंमतराव मोठ्यानं नाक शिंकरत होते. "धूर गेला," ते म्हणाले.

त्याच महिनाभरात खूप काही झालं. दसऱ्याला श्रीपती आणि कोंडाबाई पांढरी वस्त्रं नेसून नागपूरला गेले आणि बौद्ध होऊन आले. मला नेलं नाही; त्या कामाला जुना कोट चालणारा नव्हता. मग नोव्हेंबर उजाडला. नामपल्लीला निरोप झाले, राज्य तिकडं तीन ठिकाणी गेलं आणि मी मलकपेठेच्या खुंटीवर राहिलो.

आणि मित्रांनो, त्यांना थंडी वाजू लागली! पहिली वाजली ती विमलाबाईंना, भर एप्रिलात. त्या औरंगाबादहून घामानं निथळत आल्या. "कोट न्यायला आले," दारातून म्हणाल्या, आणि कोंडाबाईंच्या गळ्यात पडल्या. दोघींनी सुलतान बाजार पालथा घातला, रोज दुपारी चिंचेचं सार केलं, तोंड दुखेपर्यंत बोलल्या. निघताना कोट खुंटीवरच राहिला. मग हिंमतराव आले, मे महिन्यात. "बंगळूरला फार गारठा पडलाय," म्हणाले. आठ दिवस राहिले. ते टांग्यात बसल्यावर कोंडाबाई दारातून ओरडल्या, "दादा, कोट राहिला की!"

"राहू द्या! पुढच्या खेपेला नेतो!"

पुढच्या खेपेलाही राहिला. तिघं होते तोवर असं चाललं. मी कुठं गेलो नाही, आणि माझ्यासाठी येणाऱ्यांची रीघ तुटली नाही. कोंडाबाई दर उन्हाळ्यात मला कडुनिंबाचा पाला घालून ठेवत आणि म्हणत, "हा कोट न्हाई, हा आमचा पाहुणचार आहे."

आता श्रीपतीची नात जयवंता त्या घरात राहते. मोठ्या कंपनीत काम करते, मराठी बोलते, वाचताना मात्र अडखळते. गेल्या हिवाळ्यात हिंमतरावांचा नातू बंगळूरहून आला. त्याला बर्फाच्या मुलखात जायचं होतं आणि माझ्याबद्दल त्यानं घरात ऐकलं होतं. जयवंतानं मला पिशवीत घालून तयारच ठेवलं होतं. त्यानं दारातच पिशवी घेतली, "थँक्यू हां" म्हणाला आणि खाली उभ्या गाडीत बसला. चपलासुद्धा काढल्या नाहीत. मी बर्फ पाहिला, सुंदर होता. पण परत आलो तो कुरिअरनं. आजवर मी माणसांच्या अंगावर बसून प्रवास केला. चिकटपट्टी लावून घेण्याची ही पहिलीच वेळ.

मुलं चांगली आहेत. त्यांना कोणी सांगितलं नाही, एवढंच. म्हणून, मित्रांनो, तुम्हाला सांगतो. माझ्यासारखं जुनं काही तुमच्या घरात असेल, तर त्याला वर्षातून एकदा ऊन दाखवा, खिशात कडुनिंबाचा पाला ठेवा, कसरीकडं लक्ष असू द्या. हे झालं कापडाचं. पण कोणी मला मागायला दाराशी आलं, तर मला लगेच खुंटीवरून काढू नका. आधी त्याला आत घ्या. चपला काढू द्या. पाणी द्या, चहा द्या, जेवल्याशिवाय सोडू नका. आजोबा कसे होते ते विचारा, नावेची गोष्ट निघाली तर पुरती ऐका. आणि तो उठून निघाला की त्याला फाटकापर्यंत पोचवायला जा, हात हलवा, आणि मला त्याच्या हातात द्यायला अगदी आठवणीनं विसरा.